चिंक्वे तेरेला, म्हणजे इटलीच्या किनाऱ्यावरच्या त्या पाच गावांना, पहिल्यांदा जाताय ना?

मग गाइडसोबतच्या सहलीचा ग्रुप १२-१४ जणांचाच निवडा. तिथल्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की मोठ्या घोळक्यात गाइडचं बोलणं मागच्यांच्या कानावर पडतच नाही. मुक्काम कुठे आहे हेही बुकिंगआधी विचारा. ला स्पेत्सिया या शेजारच्या शहरात राहणं स्वस्त पडतं, पाच गावांपैकी रिओमाज्जोरे तिथून ट्रेनने अगदी जवळ. पण दिवसभराची गर्दी ओसरल्यावरचं वेर्नात्सा गाव बघायचं असेल, तर एक रात्र तरी तिथेच काढा. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील!

बॅग पाठीवरची, छोटी. कोर्निलिया स्टेशनवरून गावात चढायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या आहेत. बस असते, पण तिच्या भरवशावर राहू नका. डोंगरवाटांवर साध्या चपलांना मनाई आहे, दंडही होतो.

शाकाहारी असाल तर गाइडला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, अँकोवीसुद्धा नको म्हणून. मॉन्तेरोस्सोची ही छोटी मासळी प्रसिद्ध आहे आणि कशातही निघू शकते. फारिनाता मात्र बिनधास्त मागवा. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, बस्स. भट्टीतून गरम आल्यावर वर मिरपूड घालायची. कडा कुरकुरीत, आत मऊ. मला तर रोज चालेल.

ऑगस्ट टाळा, मे उत्तम. ऑक्टोबरअखेर जोरदार पाऊस होऊ शकतो; २०११ मध्ये त्याच सुमारास वेर्नात्सा आणि मॉन्तेरोस्सोत मोठा पूर आला होता. पावसाच्या इशाऱ्यानंतर वाटा बंद ठेवतात, तेव्हा त्या दिवशी काय दाखवणार हे आयोजकांकडून आधीच लेखी घ्या.