ऑइल कमी होण्याऐवजी वाढतंय

प्रश्न : माझी बीएस-६ डिझेल गाडी रोज चार किलोमीटरवरच्या ऑफिसला जाते. सर्व्हिसिंगनंतर ऑइल वरच्या खुणेवर होतं, आता बोटभर वर दिसतंय. टॉप-अप केलेलं नाही. – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, ऑइल आपोआप वाढत नाही, त्यात डिझेल उतरतंय. सायलेन्सरच्या वाटेतला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळीने भरला की ती जाळायला इंजिन जादा डिझेल सोडतं. चार किलोमीटरमध्ये ती जळून होण्याआधीच तुम्ही गाडी बंद करता आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली झिरपतं. गेल्या पावसाळ्यात अशाच एका गाडीतून मी साडेचारऐवजी साडेपाच लिटर ऑइल काढलं. बोटांत चोळलं तर पाण्यासारखं पातळ!

सकाळी थंड गाडीची डिपस्टिक ओढून वास घ्या. एक थेंब टिपकागदावर सोडा; काळ्या डागाभोवती फिकट, तेलकट कडं पसरलं तर शंका खरी. (दुधाळ चहासारखं दिसलं तर डिझेल नव्हे, कूलंट.) ऑइल लगेच बदला, थोडं काढून भागवू नका, पातळ ऑइलने बेअरिंग जातात. मग आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेला न्या. तरीही वाढलं, तर इंजेक्टर तपासून घ्या.