इब्री लोकांस पत्र पौलाने लिहिले का?

बायबलच्या नव्या करारातले इब्री लोकांस पत्र 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये 'प्रेषित पौलाचे पत्र', म्हणजे आद्य ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाचे पत्र म्हणून छापले होते, मग आजच्या आवृत्त्यांत पौलाचे नाव का नाही, आणि लेखक पौल नसेल तर ते पत्र खोटे ठरते का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हे पत्र पौलाचे नाही. पण त्यामुळे ते खोटे ठरत नाही, कारण आपण पौलाचे आहोत असे ते कुठेही म्हणत नाही.

पौलाच्या नावावर असलेल्या तेराही पत्रांचा मूळ ग्रीकमधला पहिला शब्द 'पौल' हाच आहे. त्यांपैकी तीमथ्याला आणि तीताला लिहिलेल्या पत्रांसारख्या काहींबद्दल अभ्यासकांत वाद आहे, आणि तो वाद नाजूक आहे, कारण तिथे लेखक स्वतःला पौल म्हणवतो. इब्री पत्रात मात्र नाव नाही, अभिवादन नाही, थेट विषयालाच सुरुवात आहे. शेवटी तेवढी तीमथ्याच्या सुटकेची वार्ता येते आणि इटलीकडच्या लोकांचा सलाम येतो. तीमथ्य पौलाचा निकटचा सहकारी होता, म्हणून पौलाचे नाव या पत्राला चिकटले त्यामागे त्याचा हा उल्लेख असावा.

पौलाविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा मला दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात दिसतो. तारणाची वार्ता प्रथम प्रभूने सांगितली आणि ज्यांनी ती ऐकली त्यांनी आम्हाला तिची खात्री पटवली, असे लेखक तिथे लिहितो, म्हणजे तो स्वतःला त्या ऐकणाऱ्यांच्या नंतरच्या पिढीत बसवतो. गलतीकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल नेमके याच्या उलट, आपल्याला सुवार्ता कोणा माणसाकडून मिळाली नसून येशू ख्रिस्ताच्या प्रकटीकरणाने मिळाली, असे ठासून सांगतो. ज्या गोष्टीसाठी तो इतका हिरिरीने भांडला, ती त्यानेच दुसरीकडे सहज सोडून दिली असेल, हे मला पटत नाही.

प्राचीन ख्रिस्ती विद्वान अलेक्सांद्रियाच्या क्लेमेंटने यावर तोड काढली होती की पौलाने हे हिब्रूत लिहिले आणि त्याचा सोबती, शुभवर्तमानकार लूक याने त्याचे ग्रीक भाषांतर केले. पण मूळ ग्रीकच्या पहिल्याच वाक्यात 'प'ने सुरू होणारे पाच शब्द अनुप्रास साधत येतात, आणि भाषांतरात असे सहसा घडत नाही. शिवाय दहाव्या अध्यायात जुन्या करारातल्या 40 व्या स्तोत्रातले 'तू माझ्यासाठी शरीर सिद्ध केलेस' हे वाक्य घेऊन त्यावर युक्तिवाद उभारला आहे. ते शरीर फक्त ग्रीक भाषांतरात आहे, हिब्रू स्तोत्रात त्या जागी कान आहेत. म्हणजे लेखकाचा मुद्दाच ग्रीक पाठावर उभा आहे.

ही शंका आधुनिक काळातली नाही. पूर्वेकडे सुमारे इ.स. 200 च्या एका पपायरस हस्तलिखितात हे पत्र रोमकरांस पत्राच्या लगेच नंतर, पौलाच्या पत्रांतच ठेवलेले आहे. त्याच सुमारास पश्चिमेकडे लॅटिन ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन ते पौलाचा सहकारी बर्णबा याचे मानत होता. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिगेन याने विचार प्रेषिताचे पण शब्दरचना दुसऱ्या कोणाची असे मत दिले आणि प्रत्यक्ष कोणी लिहिले ते देवालाच ठाऊक, असे म्हणून तो थांबला. 397 च्या कार्थेजच्या धर्मसभेने केलेल्या मान्य धर्मग्रंथांच्या यादीतही पौलाची चौदा पत्रे असा सरळ आकडा नाही. पौलाची तेरा, आणि त्याचेच इब्री लोकांस एक, अशी नोंद आहे, आणि त्या वेगळ्या उल्लेखात जुना संकोच अजून जाणवतो.

मग कोण? सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक ल्यूथर याने पौलाच्या काळातला प्रचारक अपुल्लो याचे नाव सुचवले. तो अलेक्सांद्रियाचा, वक्ता आणि शास्त्रात पारंगत होता असे प्रेषितांच्या कृत्यांत म्हटले आहे, म्हणून ही कल्पना मला सर्वांत जवळची वाटते, तरी त्याने लिहिलेली एक ओळही तुलनेला उपलब्ध नाही. 1900 मध्ये जर्मन इतिहासकार हार्नाकने पौलाची सहकारी असलेल्या प्रिस्किल्ला या स्त्रीचे नाव पुढे केले. पण अकराव्या अध्यायाच्या 32 व्या वचनात लेखक स्वतःसाठी पुल्लिंगी रूप वापरतो, मराठीत 'सांगते' न म्हणता 'सांगतो' म्हणावे तसे, आणि ही अडचण सहज दूर होत नाही.

आपल्याला स्वतः पडताळून पाहायचे असेल तर गलतीकरांस पत्राचा पहिला अध्याय आणि इब्री पत्राचा दुसरा अध्याय एकापाठोपाठ वाचा. त्यासाठी ग्रीक येण्याची गरज नाही.