हेड कोच असताना ऑफेन्स कोणाच्या हाती द्यायचा, यावर आयोवाचे लोक एवढे का भांडतात?

तुमचा मुलगा आयोवा विद्यापीठात शिकायला गेलाय. तिथली मुलं विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा ‘ऑफेन्स कोणी चालवायचा’ (ऑफेन्स म्हणजे चेंडू घेऊन पुढे सरकणारी बाजू) यावर तासन्‌तास वाद घालतात, आणि हेड कोच बसलेला असताना या दुसऱ्या माणसावरून एवढं काय, त्याने फरक पडतो का, असा तुमचा प्रश्न आहे. मी आयोवातच राहतो, विद्यापीठाचा हॉकआइज हा माझा संघ आहे आणि या वादात मी कायम एकाच बाजूला होतो. तेव्हा मत माझं आहे, पण घडलं ते जसंच्या तसं सांगतो.

आधी हा माणूस करतो काय ते बघू. क्रिकेटमध्ये पुढचा चेंडू कसा टाकायचा, क्षेत्ररक्षण कसं लावायचं हे मैदानावरची माणसं ठरवतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये जवळजवळ प्रत्येक चाल बाहेरून येते. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, आणि पुढची चाल सुरू करायला साधारण ४० सेकंद मिळतात. तेवढ्यात चेंडू घेऊन कोण धावणार, कोण कुणाला अडवणार, की क्वार्टरबॅकने (चाल सुरू करून चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) फेकायचा, हे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर ठरवतो. समोरच्या संघाचा अभ्यास करून आठवडाभराची तयारीही तोच बांधतो. दोन यार्ड हवे असताना संघ अडला की सगळं स्टेडियम त्याच्यावर चिडतं ते म्हणून.

शिवाय आयोवा राज्यात एनएफएल (व्यावसायिक फुटबॉल), एनबीए (बास्केटबॉल) किंवा मेजर लीग बेसबॉलचा एकही संघ नाही. लोकसंख्या जेमतेम ३२ लाख, आणि आयोवा सिटीच्या किनिक स्टेडियममध्ये शनिवारी जवळपास ६९ हजार माणसं बसतात. इथे कॉलेजचा संघ हाच आपला संघ.

आता मूळ भांडण. कर्क फेरेन्ट्झ १९९९ पासून हेड कोच आहेत. २०१७ मध्ये त्यांचा मुलगा ब्रायन ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाला. नात्यातल्या माणसाच्या हाताखाली थेट काम करता येत नाही, म्हणून कागदोपत्री ब्रायनचा वरिष्ठ वडील नव्हे, तर विद्यापीठातल्या सगळ्या खेळांचा प्रमुख, म्हणजे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर. रोज सरावाला बाप-लेक एकत्र, पण मुलाच्या कामाचा हिशेब घेणारा माणूस ऑफिसात बसलेला. माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. घराणेशाही आपल्याला काही नवी नाही, त्यामुळे तुम्हाला हे चटकन कळेल.

ब्रायनला काहीच येत नव्हतं असं म्हणणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. त्याच्या पहिल्याच वर्षी आयोवाने ओहायो स्टेटला ५५-२४ असं धुतलं. टी. जे. हॉकेन्सन आणि नोआ फँट हे त्याच्या ऑफेन्समधले दोन टाइट एंड (अडवणारे आणि चेंडू झेलणारेही खेळाडू) २०१९ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तेव्हा, पहिल्याच फेरीत गेले. पण नंतर गाडं रुतत गेलं. २०२२ चा पहिला सामना साउथ डकोटा स्टेटशी होता. आयोवा ७-३ ने जिंकला, तोही एकही टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं) न करता: एक फील्ड गोल (लाथेने मारलेला, तीन गुण) आणि दोन सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच गोलरेषेमागे पाडणं). सेफ्टीचे दोन-दोन गुण डिफेन्सने, म्हणजे समोरच्याला अडवणाऱ्या बाजूने, मिळवून दिलेले. त्या मोसमात सरासरी सामन्याला १७.७ गुण.

तरीही संघ जिंकत होता, आणि चाहत्यांत फूट पडली ती इथेच. डिफेन्स सांभाळणारा कोच फिल पार्कर, आणि त्याचा डिफेन्स देशातल्या सर्वोत्तमांपैकी एक. टोरी टेलर नावाचा ऑस्ट्रेलियन पंटर (ऑफेन्स अडला की चेंडू लाथेने दूर उडवणारा) चेंडू असा लाथाडायचा की समोरच्याला पार स्वतःच्या गोलरेषेजवळून सुरुवात करावी लागायची. पंटरच्या नावाचा जयघोष होणारं दुसरं स्टेडियम मला तरी माहीत नाही. एक गट म्हणायचा, जिंकतोय ना, मग गुण किती झाले याला काय महत्त्व? दुसरा गट, म्हणजे आम्ही, म्हणायचो की एवढा डिफेन्स हाताशी असताना ऑफेन्स नुसता मध्यम दर्जाचा असता तरी हा संघ कुठच्या कुठे गेला असता. २०२१ आणि २०२३ मध्ये बिग टेन परिषदेच्या (आयोवा ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतं त्या) अंतिम सामन्यात मिशिगनने आम्हाला ४२-३ आणि २६-० असं हरवलं. ‘जिंकतोय ना’ला माझं उत्तर हे दोन स्कोअर आहेत.

फेब्रुवारी २०२३ मध्ये विद्यापीठाने ब्रायनचा करार बदलला. पगार नऊ लाख डॉलरवरून साडेआठ लाख, आणि अट अशी की सामन्याला सरासरी २५ गुण व्हायला हवेत आणि किमान सात विजय. मला ही अट तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही. त्या २५ मध्ये डिफेन्सने आणि स्पेशल टीम्सने (लाथेच्या चालींसाठी उतरणाऱ्या तुकड्यांनी) केलेले गुणही धरायचे होते. म्हणजे कोऑर्डिनेटरचं माप दुसऱ्यांच्या कामावर. चाहते १३ सामन्यांचे ३२५ गुण मोजत बसले. मुळात चाली कशा निवडल्या जातात, क्वार्टरबॅक का घडत नाहीत, हे बोलायचं राहूनच गेलं.

त्या मोसमात क्वार्टरबॅक केड मॅकनमाराचा गुडघा गेला, दोन्ही चांगले टाइट एंड जखमी झाले; हे ब्रायनच्या बाजूने सांगायलाच हवं. मिनेसोटाकडून १२-१० ने हरल्यानंतर, ऑक्टोबरच्या शेवटी, हंगामी अ‍ॅथलेटिक डायरेक्टर बेथ गोट्झ यांनी जाहीर केलं की मोसमानंतर ब्रायन राहणार नाही. संघाचे तेव्हा सहा विजय आणि दोन पराभव होते. हा निर्णय वडिलांनी घेतला नाही, वरून आला. मोसम संपला तेव्हा हिशेब असा: १० विजय, ४ पराभव, सरासरी १५.४ गुण, आणि ऑफेन्सने मिळवलेल्या यार्डांमध्ये कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च विभागातल्या १३३ संघांत शेवटचा क्रमांक.

२०२४ मध्ये ब्रायनच्या जागी टिम लेस्टर आले, आणि तुमच्या ‘फरक पडतो का’चं उत्तर मला त्या वर्षात दिसतं. हेड कोच तेच, त्यांची सावध वृत्तीही तीच: चेंडू गमवायचा नाही, धावत पुढे सरकायचं. पुढच्या फळीतले अडवणारे बहुतेक तेच. धावणारा केलेब जॉन्सनही तोच. २०२३ मध्ये दुखापतीमुळे त्याचे पाचशे यार्डही झाले नव्हते; २०२४ मध्ये तो १,५३७ यार्ड धावला आणि धावून २१ टचडाउन केले. लेस्टरनी चाल सुरू होण्याआधी खेळाडूंना इकडून तिकडे हलवायला सुरुवात केली, त्यामुळे डिफेन्सला अंदाज येईना. संघाची सरासरी २७.७ वर गेली. जखमा कमी, खेळाडू एक वर्षाने मोठे, हे सगळं वजा केलं तरी एवढी उडी कोऑर्डिनेटरशिवाय पडत नाही.

पण हेही खरं की २०२४ मध्ये विजय आठच मिळाले. चेंडू फेकण्यातला दुबळेपणा गेला नाही. तो कोऑर्डिनेटर बदलून जाणार नाही, कारण किती धोका पत्करायचा हे शेवटी हेड कोच ठरवतो. त्यामुळे तुमच्या मुलाला सांगा, आता भांडणारी मुलं लेस्टर चांगले की वाईट यावर भांडत असतील, तर त्याने एकच गोष्ट विचारावी: तिसऱ्या प्रयत्नात आठ यार्ड हवे असताना चेंडू फेकायची मोकळीक त्यांना कर्क फेरेन्ट्झ देतात का?