कंसातलं वाक्य

पत्र: बाळ महिन्याचं आहे, पावडरचं दूध घेतं. दरवेळी पाजलं की ओकतं. डॉक्टर म्हणतात काही नाही, वजन 3 किलोचं 4 झालंय. नवरा म्हणतो, उगाच घाबरतेस. (मी 120 मिलीची बाटली पूर्ण संपवते, आणि ओकलं तर पोट रिकामं राहू नये म्हणून लगेच आणखी थोडं पाजते.) माझं कुणी ऐकूनच घेत नाही. काय करू?

उत्तर: अगं, कुणी तुझं ऐकत नाही म्हणतेस. बाळ दिवसातून आठ वेळा तुला ‘पुरे’ म्हणतंय, ते तू तरी कुठे ऐकतेस? आणि खरी गोष्ट कंसात टाकलीस.

हिशेब बघ. या वयात दिवसाला किलोमागे साधारण 150 मिली दूध पुरतं. 4 किलोला 600, आठ वेळांत वाटलं तर एका वेळी 75. तू 120 घालतेस, वर आणखी थोडं. जठराच्या वरच्या तोंडाचा स्नायू या वयात कच्चा असतो, जास्तीचं दूध तिथूनच परत येतं, आणि तू पुन्हा भरतेस. उपाशी राहिलेल्या बाळाचं वजन महिन्यात किलोभर वाढत नाही. ओकलेलं खूप दिसत असेल, तर दोन चमचे पाणी दुपट्यावर ओत आणि डाग केवढा पसरतो ते बघ.

ओकल्यावर पाजणं आजपासून बंद. बाळ मूठ चोखायला लागलं, तोंड वळवून शोधायला लागलं की पुढचं दूध, मग दोनच तास झालेले असले तरी चालेल. बाटली 80 ची भर. पावडरचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच ठेव, पातळ किंवा घट्ट करू नकोस. कधी 60 पिईल, कधी 90 मागेल. चोखणं मंदावलं, मान वळवली की बाटली काढायची.

बाटली उलटी धरल्यावर निपलमधून सेकंदाला साधारण एक थेंब पडावा. धार लागत असेल तर कमी प्रवाहाचं निपल घे. बाळाला थोडं उभं धर, बाटली आडवी. मध्ये एकदा ढेकर काढ. नंतर 20-30 मिनिटं खांद्याशी सरळ धर. आरामखुर्चीत बसवू नकोस, त्यात पोट दुमडून दाबलं जातं. डायपर पोटाशी सैल ठेव आणि पाजण्याआधीच बदल. झोपवताना मात्र पाठीवर, सपाट, उशीशिवाय.

थोडं ओकणं राहीलच, बहुतेकांचं वर्षाच्या आसपास थांबतं. पण उलटी हिरवी झाली किंवा तिच्यात रक्त दिसलं, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, तडक हॉस्पिटल गाठ. पोट फुगून ताठ झालं किंवा ताप 38 अंश सेल्सिअस (100.4 फॅरनहाइट) किंवा त्याहून वर गेला तरी तसंच. दूध लांब उडेल इतक्या जोरात दरवेळी उलटी आणि लगेच पुन्हा भूक, असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन वाट बंद झालेली असू शकते, आणि ते बहुधा याच वयात दिसतं. दिवसाला सहापेक्षा कमी ओले डायपर झाले तरीही दाखव.

बाटलीत 20 मिली उरलं तर काय करू, असं पुढच्या पत्रात विचारशील, म्हणून आत्ताच सांगते: सिंकमध्ये ओत.