ड्रॅगन आणि राजकन्या: सुरुवात कुठून करावी?
पहिल्याच फटक्यात कल्पनारम्य (फँटसी) कादंबऱ्यांची जाडजूड मालिका विकत घेऊ नका. बरेच जण तिथेच दमतात. आधी ‘डीलिंग विथ ड्रॅगन्स’ (१९९०) घ्या. छोटं, गमतीदार; राजकन्या लग्न टाळायला स्वतःहून ड्रॅगनकडे कामाला राहते.

मग रॉबिन मॅकिन्ली यांचं ‘द हीरो अँड द क्राउन’ (१९८४). त्यात छोटे ड्रॅगन मारणं हा पराक्रम नाही, घुशींच्या बंदोबस्तासारखं कटकटीचं काम आहे. त्यातली राजकन्या एरिन आगीपासून वाचवणारा लेप कित्येक फसलेल्या प्रयोगांनंतर जमवते. ती पानं सावकाश वाचा; तिचं कर्तव्य म्हणजे काय, ते दरबारातल्या प्रसंगांपेक्षा तिथे जास्त कळतं.

नेहमीच्या चुका दोन:
- नावं नि नकाशे पाठ करत बसणं.
- त्याच जगातलं मॅकिन्ली यांचंच ‘द ब्ल्यू सोर्ड’ (१९८२) आधी छापलं म्हणून आधीच वाचायला हवं, असं मानणं. त्याची कथा एरिनच्या खूप नंतरच्या काळातली. क्रम कोणताही चालेल.

फँटसीचे उपप्रकार-बिपप्रकार नंतर बघू.