ढोल-ताशा पथक आणि आजोबांचं डायलिसिस कॉमन ॲपमध्ये कसं लिहायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा बारावीला आहे, अमेरिकेतल्या कॉलेजांना कॉमन ॲपमधून (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) अर्ज करतोय, आणि त्याच्याकडे दाखवण्यासारखं म्हणजे ढोल-ताशा पथक, इंटरमीजिएट ड्रॉइंगची ए ग्रेड आणि थोडंफार कोडिंग. आजोबांच्या डायलिसिसमुळे बाकी काही जमलं नाही, मग ॲक्टिव्हिटींचे, म्हणजे अभ्यासाबाहेरच्या कामांचे, दहा रकाने कशाने भरायचे?

दहा भरायचेच नसतात. ती कमाल मर्यादा आहे. चार-पाच खऱ्या नोंदी चालतात. आणि अकरावी-बारावीच्या पोरांना घाईघाईने एनजीओ काढायला लावणारे सल्लागार भेटले, तर त्यांना लांबूनच नमस्कार करा.

पथकाचं बघू. कॉमन ॲपमध्ये पदाला 50 अक्षरं, संस्थेच्या नावाला 100 आणि वर्णनाला 150, तीही स्पेस आणि स्वल्पविराम धरून. एवढ्याशा जागेत बहुतेक मुलं 'पुण्याची परंपरा जपणारं नामांकित पथक' असलं काहीतरी लिहून बसतात. हे पथकाचं कौतुक झालं, मुलाने काय केलं ते राहूनच गेलं. अर्ज वाचणारा तिकडे अमेरिकेत ओहायोत बसलेला, त्याने विसर्जनाची मिरवणूक पाहिलेली नसणार. म्हणून पथक म्हणजे काय ते संस्थेच्या रकान्यातच उरकायचं: 'गणेशोत्सवात रस्त्यावर वाजवणारं 120 जणांचं हौशी ढोलपथक'. वर्णनाची 150 अक्षरं सगळी मुलाच्या कामाला ठेवायची.

त्याला समोर बसवून विचारा. नव्या पोरांना हात कोण शिकवतं? ढोलाला पानं (वाजवायचे पडदे) कोण चढवतं, दोऱ्यांचा ताण कोण ओढतं? मिरवणुकीत रांग कोण लावतं? माझ्या ओळखीतल्या एका मुलाने आधी 'ढोलवादनातून शिस्त आणि नेतृत्व शिकलो' असं लिहिलं होतं. खोदून विचारल्यावर कळलं की नव्या वादकांचा सराव तोच घेत होता आणि ढोलांची दुरुस्तीही त्याच्याकडेच होती. मग ओळ अशी झाली: 'नव्या 15 वादकांना पाच ताल शिकवले, 40 ढोलांची देखभाल, विसर्जनाला सलग सहा तास वादन.' इंग्रजीत करताना 'मी' गाळायचा आणि क्रियापदाने सुरुवात करायची. 'नेतृत्व' हा शब्द कुठेही नाही, तरी ते दिसतं.

तासांच्या बाबतीत मात्र हात आखडता ठेवा. फॉर्म आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे वेगवेगळे विचारतो. पथकाचा सराव गणपतीच्या साधारण दोन महिने आधी सुरू होतो, म्हणजे आठवड्याला 12 तास आणि वर्षाला 10 आठवडे हे पटण्यासारखं आहे. त्याच ठिकाणी 52 आठवडे लिहिले आणि शेजारी कॉलेज, जेईईचा क्लास, कोडिंग हेही असलं, तर बेरीज करणाऱ्याला पोराचा दिवस 26 तासांचा दिसतो.

ड्रॉइंगची ग्रेड ऑनर्समध्ये, म्हणजे बक्षिसं-सन्मानांच्या भागात टाका. तिथे पाच जागा असतात आणि प्रत्येकीला 100 अक्षरं. महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयाची परीक्षा आहे हे लिहा. फॉर्म नववी ते बारावीचंच विचारतो, त्यामुळे आठवीत दिलेली एलिमेंटरी ड्रॉइंगची परीक्षा त्यात बसत नाही. कोडिंगमधून एखादी गोष्ट तयार झाली असेल तर लिहा, नुसता कोर्स केला असेल तर शेवटी टाका किंवा सोडून द्या.

आता तुम्ही जाता जाता सांगितलेलं डायलिसिस. मी ते पहिल्या क्रमांकावर टाकेन. कॉमन ॲपमध्ये कौटुंबिक जबाबदाऱ्यांचा वेगळा प्रकारच दिलेला आहे, आणि नोंदी स्वतःला महत्त्वाच्या वाटतात त्या क्रमाने लावायला सांगतात. 'आजोबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेतो. औषधं, पथ्य, पाण्याचं प्रमाण आणि विम्याचे कागद सांभाळतो.' येण्याजाण्यासह आठवड्याला 10-12 तास, वर्षभर. आपल्याकडे 'घरचं करतो त्यात काय सांगायचं' असं वाटतं, पण याच नोंदीतून वाचणाऱ्याला कळतं की मुलगा संध्याकाळी क्लबांमध्ये का नव्हता. करुण सूर नको, काय केलं तेवढंच लिहा. आजोबांचा आजार, घरातली ओढाताण हे सांगायला 'चॅलेंजेस अँड सर्कमस्टन्सेस' (अडचणी आणि परिस्थिती) हा 250 शब्दांचा रकाना आहे. शेजारचा अतिरिक्त माहितीचा रकाना 2025-26 पासून 650 वरून 300 शब्दांवर आणलाय. उरलेल्या ॲक्टिव्हिटी तिथे कोंबू नका.

एकच मजकूर सगळीकडे चिकटवता येईल असं समजू नका. यूसीचा, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांचा फॉर्म वेगळा आहे: 20 नोंदी, वर्णनाला 350 अक्षरं. तिथे तुम्हाला पथक नीट समजावून सांगता येईल. अमेरिकेतल्या एमआयटीचाही (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) स्वतंत्र फॉर्म आहे, त्यात फक्त चार ॲक्टिव्हिटी आणि प्रत्येकीला 40 शब्द. म्हणून आधी वहीत मराठीत मोकळेपणाने सगळं लिहून काढू दे, मग फॉर्मप्रमाणे कापा. इंग्रजी त्याचं त्यालाच करू दे. तुम्ही फक्त विसरलेलं आठवून द्या: कुठल्या वर्षी काय, किती जण होते, कधीपासून नेतोय.