वाचकांचे प्रश्न : पुरात बुडालेली प्रीमियर

प्रश्न : आमच्या वडिलांनी १९७३ साली घेतलेली प्रीमियर प्रेसिडेंट ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीच्या गावभागातील घराच्या अंगणात टपापर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर ती धुऊन झाकून ठेवली, ती आजवर तशीच आहे. इंजिन जाम आहे. एका मेकॅनिकने बॅटरी जोडून स्टार्टर मारून पाहण्यास सांगितले, दुसऱ्याने भंगारात घालण्याचा सल्ला दिला. निवृत्तीनंतर ती मी स्वतः घरी दुरुस्त करू इच्छितो. सुरुवात कोठून करावी? – एक वाचक, सांगली

उत्तर : गाडी भंगारात घालू नये, आणि स्टार्टर तर मुळीच मारू नये. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले त्या पुरात बुडालेल्या इंजिनात केवळ पाणी शिरलेले नसते. कृष्णेचा बारीक गाळ शिरलेला असतो आणि तो वाळला की पॉलिश पेपरसारखे काम करतो. गंजलेले इंजिन जपून सोडवता येते, पण गाळासकट फिरवलेल्या इंजिनाचे बेअरिंग व बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) काही क्षणांत खरवडले जातात.

म्हणून प्रथम ऑइल चेंबरचा (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा) नट सैल करून खाली पांढरे भांडे धरावे. पाणी तेलापेक्षा जड असल्याने आधी तेच येते, मग दुधाळ चहाच्या रंगाचा घट्ट थर येतो आणि शेवटी काळे तेल. काहीच आले नाही, तर नटाच्या तोंडाशी गाळ बसला आहे असे समजावे. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांचे तेलही याच रीतीने तपासावे, कारण बहुतेकांना त्यांचा विसर पडतो. त्यानंतर हेड (सिलिंडरवरचे झाकण) आणि चेंबर दोन्ही उतरवून गाळ डिझेलने धुऊन काढावा, चारही सिलिंडरमध्ये डिझेल व पॉवर स्टिअरिंगचे तेल समप्रमाणात ओतून आठवडाभर मुरू द्यावे आणि मग पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकावे. येथे जोर नव्हे, धीर उपयोगी पडतो. मूळ बोअर ६८ मिलिमीटर व्यासाचा आहे. गंजाने खड्डे पडले असतील, तर बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन बसवण्याचे काम मात्र यंत्रशाळेतच करून घ्यावे.

इंजिनाइतकीच काळजी पत्र्याची घ्यावी लागेल. फियाट ११०० च्या घराण्यातील या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे दारांखालची पोकळ पत्र्याची पेटी आतून सडली असेल, तर तिच्यावर नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारणे धोक्याचे आहे. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने जागोजाग दाबून पाहावे. जेथे टोक आत जाईल, तेथे पत्रा कापून नवा वेल्ड करावा. वरवरच्या गंजासाठी उपाय आपल्या जिल्ह्यात सहज मिळणारा आहे. द्राक्षबागायतदार ठिबकच्या नळ्या साफ करण्यास फॉस्फरिक ॲसिड वापरतात. तेच पातळ करून ब्रशने लावल्यास गंजाचे काळसर फॉस्फेट होते. ॲसिड नेहमी पाण्यात ओतावे, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. हातमोजे व चष्मा वापरावा, काम उघड्यावर करावे आणि पत्रा धुऊन वाळताच प्रायमर मारावा.

इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात लगेच रस्त्यावर जाऊ नये. ब्रेकचा मास्टर सिलिंडर, चाकांवरचे सगळे व्हील सिलिंडर आणि ब्रेकच्या नळ्या आधी नव्या कराव्यात.

गाडीला ५० वर्षे उलटली असल्याने २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. मात्र त्यासाठी ती मूळ स्वरूपात असावी लागते, म्हणून दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवण्याचा मोह टाळावा. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, हेही अर्ज करण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. ही गाडी कुर्ल्याला बनवणारी कंपनी ज्या वालचंद हिराचंदांनी उभी केली, त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आपल्या विश्रामबागेत आहे. ही गाडी सांगलीत पुन्हा चालावी, असे आम्हाला मनापासून वाटते.

प्रश्न : माझी १९८४ची पद्मिनी उत्तम चालत असे. अलीकडे पेट्रोलचा वास येतो आणि खंबाटकी घाट चढताना ती गचके देते. कार्ब्युरेटर दोनदा साफ केला. दोष कोठे असावा? – एक वाचक, सातारा

उत्तर : दोष बहुधा कार्ब्युरेटरच्या आधी आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्याच उसाचे असले, तरी जुन्या रबराला मानवत नाही. पेट्रोलची नळी बोटांनी वाकवून पाहावी. बारीक चिरा दिसल्या किंवा ती मऊ, फुगलेली लागली, तर वास तेथूनच येतो. इथेनॉलला चालणारी नळी आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा त्याच प्रतीचा डायफ्रॅम (रबरी पडदा), दोन्ही एकदमच बदलावेत. इथेनॉल टाकीतला जुना चिकटाही सोडवते, म्हणून पारदर्शक फिल्टर बसवून पहिल्या महिन्यात दोनदा बदलावा. एवढे करूनही चढाला गचके राहिले, तर मिश्रण पातळ होत असावे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत असावे; तेव्हा मेन जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे छिद्र) एक आकार मोठा घालून पाहावा आणि प्लगच्या टोकाचा रंग पांढुरक्याकडून फिकट तपकिरीकडे येतो का, ते तपासावे.